फोर्कलिफ्टखाली पाय आला, तर पुढे काय?

दिवाळीच्या सेलचे दिवस जवळ आले की भिवंडीच्या गोदामांत आणि चाकण-तळेगावच्या वेअरहाउसमध्ये हंगामी भरती सुरू होते. बारावी झालेले, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असलेले, डिप्लोमाच्या निकालाची वाट बघणारे असे सगळेच तिथे भेटतात. काम तसं सोपं असतं. स्कॅन करा, पॅक करा, पॅलेटवर रचा. कुणी एमआयडीसीतल्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलेलं असतं, कुणी इनप्लांट ट्रेनिंगला जातं. तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा भाऊ तर रोजच तिथे असतात. आणि या प्रत्येक ठिकाणी हॉर्न वाजवत, पुढेमागे करत एक मशिन फिरत असतं, ते म्हणजे फोर्कलिफ्ट.

दिसायला ती छोटी असते, म्हणून फारसं कुणी मनावर घेत नाही. पण तीन टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन चार टनांच्या आसपास असतं. म्हणजे चार छोट्या मोटारी एकावर एक ठेवल्यासारखं. तिची मागची चाकं वळतात, त्यामुळे वळताना मागचा भाग एकदम बाहेर झोकतो आणि शेजारी उभा असलेला माणूस रॅकमध्ये दाबला जातो. समोर माल उंच रचला असेल तर ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. ती उलटायला लागली की घाबरून बाहेर उडी मारणारा बऱ्याचदा तिच्याच खाली सापडतो. म्हणूनच सीटबेल्ट लावून आत घट्ट बसून राहायचं असतं.

हे झालं मशिनचं. आता प्रश्न असा की अपघात झालाच, तर कायदा तुमच्या बाजूने काय करतो? बरंच काही करतो. फक्त ते वेळेत माहीत असावं लागतं.

आधी एक छोटी नोंद

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. नुकसानभरपाई आणि ईएसआयचे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत. कलमांचे नंबर बदलले, काही अधिकाऱ्यांची नावं बदलली, पण हक्कांचा गाभा तोच आहे. ऑफिसात, कोर्टात आणि वकिलांच्या तोंडी अजून जुनी नावंच ऐकू येतात. त्यामुळे इथेही तीच वापरतोय.

पहिला रस्ता: ईएसआय

पगाराची स्लिप उघडा. त्यात ईएसआयसी नावाची कपात दिसतेय का? कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. 15,000 पगार असेल तर तुमचे साधारण 113 रुपये. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील आणि पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर साधारणपणे ही योजना लागू होते.

कामावर अपघात झाला की ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात आणि खर्चाला मर्यादा नसते. बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के दराने भत्ता मिळतो. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. कामगार दगावला तर घरच्यांना पेन्शनसारखा लाभ मिळतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अपघाताच्या बाबतीत ‘अमुक महिने वर्गणी भरलेली हवी’ अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. ‘तुझं नाव अजून चढवलंच नव्हतं’ असं ठेकेदाराने सांगितलं, तर नाव न चढवणं हा त्याचा कसूर. अशा वेळी लाभ देऊन ते पैसे मालकाकडून वसूल करायचा अधिकार ईएसआय महामंडळाला आहे. म्हणून ‘नाव नाही’ हे ऐकून परत फिरू नका, ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या.

दुसरा रस्ता: 1923 चा कायदा

ईएसआय लागू नसेल, तर एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन अॅक्ट. हा कायदा शंभर वर्षांहून जुना आहे आणि आजही दमदार आहे. (ईएसआय लागू असेल तर मात्र या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही.)

इथे ‘चूक कुणाची’ हे सिद्ध करावं लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम करताना झाला, एवढं पुरतं. आता हिशेब बघू. समजा, 20 वर्षांचा मुलगा आहे. पगार 18,000. कायद्यात हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. 20 व्या वर्षी तो 224 आहे. एकूण 20,16,000 रुपये. मृत्यू झाला तर 60 ऐवजी 50 टक्के धरतात.

अपंगत्व अंशतः असेल तर कायद्याला जोडलेल्या तक्त्यात टक्केवारी दिलेली आहे. फोर्कलिफ्टच्या अपघातात पाय चिरडणं फार होतं, म्हणून तेच उदाहरण घेऊ. एका पायाची सगळी बोटं मुळापासून गेली तर 20 टक्के. आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी हे झाले 4,03,200 रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा. घरी पडून असेल त्या काळात दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 3,750 रुपये वेगळे.

आता डोळ्यासमोर आणा: हॉस्पिटलमध्ये ठेकेदाराचा माणूस येतो, हातात 20,000 ठेवतो, ‘भाऊ, आपलीच माणसं आहेत’ म्हणतो आणि एका कागदावर सही मागतो. चार लाखांच्या हक्कासमोर वीस हजार!

अशी सही झाली असली तरी सगळं संपत नाही. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. एकरकमी तडजोड करायची असेल तर ती कमिशनरकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे कमिशनरकडेच जमा करावे लागतात, घरी परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत.

तक्त्यातली टक्केवारी हाही शेवटचा शब्द नाही. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच, असं कोर्टाने मानलं. म्हणजे अवयव किती गेला यासोबत, तुम्ही करत होता ते काम आता होतं का, हेही बघितलं जातं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आलं. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही अर्ज करता येतो. म्हणजे भिवंडीत जखमी झालेल्या जालन्याच्या मुलाला तारखांसाठी ठाण्याला खेटे घालायची गरज नाही.

‘चूक तुझीच होती’

हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण साध्या दुर्लक्षामुळे भरपाई जात नाही. मालकाला तीनच सबबी आहेत: कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्याने मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर या सबबीही चालत नाहीत.

इथे एक सांगायलाच हवं. ड्रायव्हर जेवायला गेलाय आणि सुपरवायझर म्हणतो, ‘अरे, तेवढं पॅलेट सरकव, काय अवघड नाही.’ नको. ट्रेनिंग नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. जमलं तर ग्रुपवर मेसेज टाका, ‘सर, मला फोर्कलिफ्टचं ट्रेनिंग नाही.’ आणि दबावाखाली कुणी चालवलीच, तर साहेबाच्या सांगण्यावरून केलेलं काम म्हणजे ‘आदेश मोडला’ असं होत नाही, हेही लक्षात ठेवा.

ठेक्यावर आहे, अप्रेंटिस आहे, मग?

ठेकेदाराचा कामगार कंपनीच्या कामासाठी कंपनीच्याच आवारात राबत असेल, तर भरपाई थेट कंपनीकडून मागता येते. कंपनीने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. ‘कॉन्ट्रॅक्टरला भेटा’ हे उत्तर पुरेसं नाही. हंगामी, कॅज्युअल कामगारालाही हक्क आहे, कारण 2000 सालच्या दुरुस्तीत कॅज्युअलला वगळणारी अट निघून गेली.

अप्रेंटिसशिप कायद्याखाली नोंदणी झालेल्या अप्रेंटिसला ईएसआय लागू नसतं, पण ट्रेनिंगमध्ये इजा झाली तर 1923 च्या कायद्याप्रमाणेच भरपाई मिळते. तुमचा करार पोर्टलवर नोंदवलाय ना, एवढं नक्की बघा.

खरी अडचण आहे ती कॉलेजने पाठवलेल्या इनप्लांट ट्रेनिंगची. तिथे तुम्ही कागदावर ‘विद्यार्थी’ असता आणि प्रत्यक्षात शॉप फ्लोअरवर माल उचलत असता. अशा वेळी तुम्ही खरं काय काम करत होता, पैसे मिळत होते का, हुकूम कुणाचा होता, यावर वाद होतो. म्हणून जाण्याआधीच प्लेसमेंट सेलला लेखी विचारा, अपघात विमा आहे का आणि कुणाच्या नावावर? एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर अख्ख्या वर्गाने विचारा.

आणखी दोन दारं

अपघात रस्त्यावर झाला, किंवा डॉकवर रिव्हर्स येणाऱ्या ट्रकने झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्गही असू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं वगळली आहेत. त्यामुळे फोर्कलिफ्टबाबत तिथे वाद होतो आणि निकाल त्या-त्या प्रकरणावर ठरतो. या मार्गाची मुदत कमी आहे, सहा महिने. आणि हा मार्ग व 1923 चा कायदा यांपैकी एकच निवडायचा असतो, म्हणून आधी वकिलाशी बोला.

दुसरं दार जबाबदारीचं. निष्काळजीपणाने इजा किंवा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदवता येतो. कारखान्यातल्या गंभीर अपघाताची खबर मालकाने सरकारला द्यायची असते. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे बघतं. त्यांच्याकडे तुम्हीही तक्रार करू शकता. यातून थेट पैसे मिळत नाहीत, पण चौकशीचा कागद पुढे दाव्यात उपयोगी पडतो.

पहिल्या दोन दिवसांत हे करा

- हॉस्पिटलमध्ये खरं सांगा. ‘घरी जिन्यावरून पडला’ असं लिहायला लावलं, तर तो एक केसपेपर पुढे सगळ्या दाव्याला नडतो. ‘कामावर, फोर्कलिफ्टने’ असंच लिहून घ्या आणि एमएलसी झाली का विचारा.
- जागेचा, मशिनचा आणि तिच्या नंबरचा फोटो काढा. सोबत कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवा.
- सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, अशी मागणी कंपनीला ईमेलने करा. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं.
- कामावर होतो याचा पुरावा गोळा करा: गेटपास, आयकार्ड, हजेरीच्या अॅपचे स्क्रीनशॉट, शिफ्टचे व्हॉट्सअॅप मेसेज, बँकेतल्या किंवा यूपीआयच्या नोंदी.
- औषधाच्या चिठ्ठीपासून रिक्षाच्या पैशांपर्यंत सगळी बिलं एका फाइलमध्ये ठेवा.
- कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नाही. घरात अंगठा देणारं कुणी असेल तर त्यांना हे आधी समजावा.

वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल, तर औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन 15100.

तुमच्यापैकी कुणी लॉ करतंय, कुणी सोशल वर्क, कुणी नुसतंच इंग्रजी नीट वाचू शकतं. पण गोदामात राबणाऱ्या घरात बहुतेकदा तोच एक माणूस असतो, ज्याला फॉर्म भरता येतो, ईमेल करता येतो. अपघात झाल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आईला कायद्याचं कलम सांगणारं कुणी नसतं. तो माणूस तुम्ही होऊ शकता. आज संध्याकाळी घरी गेलात की एवढंच करा: कामाला जाणाऱ्या प्रत्येकाची पगाराची स्लिप मागा आणि ईएसआयसीचा नंबर आहे का ते बघा. असेल तर लिहून ठेवा, नसेल तर का नाही ते उद्याच विचारायला सांगा.