नाव न कापता जागा वाचवू या

आधारपत्रावरचा मोठा क्यूआर कोड साध्या स्कॅनरने वाचला, तर नाव-पत्ता दिसत नाही. पडद्यावर येते हजारो अंकांची अखंड संख्या. नाव, जन्मतारीख, पत्ता, छोटा फोटो आणि आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही, सारं त्या संख्येतच असतं. सही सोबत असल्यामुळे गावात इंटरनेट नसलं तरी कागद खरा की खोटा, हे जागीच तपासता येतं.

पण जागा मोजकीच. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये फार तर २,९५३ बाइट मावतात. शिवाय मजकूर वाढला की कोडची घरं बारीक होतात आणि चुरगळलेल्या कागदावर स्वस्त फोनचा कॅमेरा हात टेकतो.

म्हणून आधारच्या कोडमध्ये रकान्यांची नावं लिहितच नाहीत. क्रम ठरलेला, दोन रकान्यांमध्ये खुणेचा एकच बाइट. शेवटचे २५६ बाइट सहीचे. हा ऐवज जीझिपने दाबून दशमान अंकांत लिहितात, कारण क्यूआर कोड तीन अंक १० बिटांत बसवतो. हजार शक्यतांना १,०२४ जागा. नासाडी जवळपास नाहीच. बेस ६४ ची अक्षरं वापरली असती, तर मजकूर एक तृतीयांशाने फुगला असता.

युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोविड प्रमाणपत्रासाठी वेगळी वाट धरली. डोसच्या क्रमांकाला ‘डीएन’ एवढीच खूण, आजाराला ठरलेला संकेतांक आणि इलिप्टिक कर्व्ह पद्धतीची अवघ्या ६४ बाइटची सही.

अशी काटकसर करताना आपल्या लिपीवर मात्र गदा येऊ शकते. ‘सुनंदा’ रोमन लिपीत लिहिलं तर सात बाइट. देवनागरीत अक्षरं, मात्रा, अनुस्वार धरून सहा चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन, म्हणजे १८ बाइट. मग जागा नाही म्हणून मराठी नाव गाळण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. ज्याची ओळख त्याला आपल्या कागदावरचं आपलं नाव वाचता आलं पाहिजे.

त्यावर तोडगाही आहे. युनिकोडच्या एससीएसयू या संक्षेपपद्धतीत देवनागरीचा पट्टा आधीच ठरवून ठेवला आहे. सुरुवातीला खुणेचा एक बाइट, पुढे प्रत्येक चिन्हाला एक. ‘सुनंदा’ देवनागरीतही सात बाइटांतच बसते. प्रमाणपत्रांचे आराखडे आखणाऱ्यांनी हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा.