पुरात धावणाऱ्यांचीही विचारपूस व्हावी
शुक नदीकाठी वसलेल्या खारेपाटणला पुराचे भय नवे नाही. अतिवृष्टीत पाणी बाजारपेठेत शिरते. त्यातच खाडीला भरती आली, तर ते लवकर ओसरत नाही. अशा वेळी महसूल व ग्रामपंचायत कर्मचारी, पोलीस पाटील आणि आशा कार्यकर्त्या मदतीस धावतात. यांतील काहींची घरेही पाण्याच्या वाटेवर असतात, याचा मात्र आपणांस विसर पडतो.

पाणी किती चढेल, ही धास्ती त्यांनाही असते. पुढे पंचनाम्यांच्या वेळी नुकसानग्रस्तांचा रोषही त्यांनाच सोसावा लागतो. मग झोप उडते, चिडचिड वाढते. हा दुबळेपणा नव्हे. असाधारण प्रसंगाला मनाने दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद होय.

यास्तव पावसाळ्यापूर्वीच कामाच्या पाळ्या ठरवाव्यात. प्रत्येकास विश्रांती मिळेल, हे पाहावे. पूर ओसरल्यावर ज्यांना मन मोकळे करावयाचे असेल, त्यांचे शांतपणे ऐकून घ्यावे. त्रास आठवडे उलटूनही न शमल्यास, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला घ्यावा.

गावाचे पंचनामे करणाऱ्या सहकाऱ्यास वरिष्ठांनी प्रथम विचारावे, ‘तुमच्या घरी सर्व ठीक आहे ना?’ या प्रश्नास कोणत्याही तरतुदीची आवश्यकता नाही.