फोटोंचा साइज कमी करणारं फ्री प्लगइन किती सुरक्षित?

पिंपळनेरमधल्या दुकानाची वेबसाइट असो वा न्यूज पोर्टल, फोटो जड असले की पेज उघडायला वेळ लागतो. मग फ्री प्लगइन टाकलं जातं. यात धोका काय?

प्लगइनचा कोड तुमच्याच सर्व्हरवर चालतो. २०११ मध्ये फोटोंचा आकार बदलणाऱ्या ‘टिमथम्ब’ या फ्री स्क्रिप्टमधल्या त्रुटीतून हॅकर्सनी अनेक वर्डप्रेस साइट्समध्ये घातक फाइल्स घुसवल्या. ही स्क्रिप्ट कित्येक थीम्समध्ये आधीपासूनच होती.

काही प्लगइन्स तुमचे फोटो दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. काही मूळ फोटोच बदलतात. बॅकअप नसेल तर तो परत मिळत नाही.

मग काय कराल? प्लगइनचं शेवटचं अपडेट कधी आलं ते पाहा. मूळ फोटो वेगळे जपून ठेवा. वापरात नसलेलं प्लगइन डिलीट करा. नुसतं बंद केलं तर त्याच्या फाइल्स सर्व्हरवरच राहतात.