राहते घर तारण, दुसरे घर भाड्याला

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की कामगार युनियनच्या कचेरीत येतो. पूर्वी तो ग्रॅच्युइटीचा हिशेब विचारी. अलीकडे तो खिशातून एजंटाने दिलेला कागद काढतो आणि म्हणतो, "भाऊ, घराचे हप्ते फिटले. आता हेच घर बँकेकडे ठेवून दुसरा फ्लॅट घेतला नि भाड्याने दिला तर? भाड्यातच हप्ता निघेल म्हणतात."

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. अडकून पडलेले धन कामाला लावणे हा व्यापाऱ्यांचा जुना धर्मच आहे. तेव्हा आपणही तो व्यापाऱ्यासारखा, हिशेबाने तपासू.

घराची आजची किंमत वजा त्यावरील शिल्लक कर्ज, हा त्या घरातला आपला मोकळा हिस्सा. त्याच्या काही भागावर बँक कर्ज देते. समजा, घर ६० लाखांचे आहे, देणे काही नाही, आणि बँकेने ३० लाख दिले. व्याज दरसाल दर शेकडा १०, मुदत १५ वर्षे. महिन्याचा हप्ता होतो सुमारे ३२,२०० रुपये. त्या ३० लाखांचा फ्लॅट घेतला; मुद्रांक शुल्क आणि नोंदणीखर्च पदरचा. आपल्याकडील मोठ्या शहरांत राहत्या जागेचे वर्षाचे भाडे किमतीच्या शेकडा २ ते ४ च्या आसपास मिळते. आपण ३ धरू. म्हणजे महिना ७,५०० रुपये. आणि पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच २५,००० आहे! एजंटाच्या कागदावर बाराही महिने भाडेकरू असतो, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र नसतो. तो धरलाच नाही तरी दरमहा २४,७०० रुपये पगारातून घालावे लागतात, आणि पगार थांबल्यावर फंडातून.

मग शहाणी माणसेही हे का करतात? किंमत वाढेल म्हणून. व्याज १०, भाडे ३. मधले ७ टक्के दरवर्षी किमतीच्या वाढीने भरून निघाले, तर जेमतेम बरोबरी. कित्येकांना असे साधलेही आहे. पण अमेरिकेत २००६ नंतर किमती उतरल्या, तेव्हा घरावर पुन्हा कर्ज काढलेल्या असंख्य कुटुंबांचे देणे घराच्या किमतीहून मोठे झाले.

व्याजही स्थिर राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ वर नेला. आपल्या उदाहरणात अडीच टक्के वाढले, तर हप्ता सुमारे पावणेपाच हजारांनी चढतो.

आणि हप्ते थकले तर? साधारणपणे ९० दिवसांनी खाते बुडीत वर्गात जाते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते, आणि नंतर दिवाणी दावा न लावताही तारणाचा ताबा घेऊ शकते. तारण कोणते, हे पाहा: भाड्याचा फ्लॅट नव्हे, राहते घर!

ज्याचे कर्ज लहान आहे आणि हप्ता भाड्यावाचूनही झेपतो, त्याला मी अडवीत नाही. त्याने एवढे करावे: भाडेकरूशी लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर मालक ते खोटे ठरवीत नाही.