अनेक ग्रंथ, एक शैली : सामायिक शैली-फाइलींची मांडणी

उद्दिष्टे

हा भाग अभ्यासल्यानंतर आपणांस :
• ग्रंथाचा मजकूर आणि ग्रंथाची शैली यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• अनेक प्रकल्पांसाठी एकच शैली-फाइल वापरण्याचे फायदे व धोके सांगता येतील.
• शैली-फाइल कोठे ठेवावी, तिचे थर कसे पाडावेत आणि ती केव्हा गोठवावी, याचा निर्णय घेता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ग्रंथनिर्मितीचा विचार करताना आपण बहुधा एका पुस्तकाचा विचार करतो. प्रत्यक्षात संपादक, कोशकार किंवा संशोधक यांच्या हातून एकामागून एक पुस्तके तयार होत असतात आणि त्यांच्यात एकसूत्रता असावी, अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखालील ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. अशा कार्यात पहिल्या विभागातील संक्षेपचिन्हाचा अर्थ शेवटच्या विभागात बदलून चालत नाही. ठळक ठसा एका ठिकाणी शब्दासाठी आणि दुसऱ्या ठिकाणी अर्थासाठी वापरला, तर कोशावरचा विश्वासच डळमळतो.

संगणकीय अक्षरजुळणीतील एका महत्त्वाच्या प्रणालीचा जन्मही याच चिंतेतून झाला. डोनाल्ड नूथ यांच्या संगणकशास्त्रावरील बहुखंडी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ साली निघत होती. खिळ्यांच्या जुळणीऐवजी प्रकाशजुळणीने तयार झालेली तिची मुद्रिते पूर्वीच्या खंडांच्या दर्जाची नव्हती. हे न रुचल्याने नूथ यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली, तीच ‘टेक’. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारली. जोनाथन क्यू यांनी २००४ साली आणलेल्या ‘झीटेक’मुळे युनिकोडमधील देवनागरी मजकूर थेट जुळवणे सोपे झाले. प्रस्तुत विवेचन लाटेकच्या आधारे केले असले, तरी त्यातील तत्त्वे कोणत्याही अक्षरजुळणीस लागू पडतात.

२. शैली-फाइल म्हणजे काय?

लाटेकमध्ये मजकूर एका फाइलीत आणि त्याच्या रूपासंबंधीचे नियम दुसऱ्या फाइलीत ठेवता येतात. या दुसऱ्या फाइलीस आपण शैली-फाइल म्हणू. मजकुरात आपण ‘हा शब्द तिरपा करा’ असे न लिहिता ‘हा बोलीतील शब्द आहे’ किंवा ‘हे ग्रंथनाम आहे’ अशी अर्थवाचक आज्ञा लिहितो. बोलीतील शब्द कसा दिसावा, हे शैली-फाइल ठरवते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हा भेद परका नाही. सोस्यूर यांनी भाषाव्यवस्था आणि प्रत्यक्ष भाषिक वापर यांत जो फरक केला, त्याच्याशी याचे साम्य आहे. प्रत्येक पुस्तक हा वापर. शैली-फाइल ही त्यामागची व्यवस्था. व्यवस्था सामायिक असते, म्हणूनच वापर परस्परांना कळतो.

३. प्रतींचा प्रश्न

समजा, आपल्याकडे तीन कामे आहेत : एका बोलीचा शब्दसंग्रह, एक प्रबंध आणि एक संशोधनपर अर्धवार्षिक. पहिल्या कामासाठी केलेली शैली-फाइल आपण दुसऱ्या कामाच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतो, तेथून तिसऱ्या. काही महिन्यांनी प्रबंधात ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ असा उमटत असल्याचे ध्यानात येते. ही केवळ दृश्य चूक नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे ‘दरी’चे अनेकवचन, येथे अर्थच बदलतो. आपण प्रबंधाच्या प्रतीत दुरुस्ती करतो. शब्दसंग्रहातील आणि अर्धवार्षिकातील प्रती मात्र तशाच राहतात. आता एकाच नावाच्या तीन फाइली आहेत आणि त्यांतील कोणती खरी, हे नावावरून कळत नाही.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण हेच पाहतो. नकलाकारागणिक पाठभेद वाढतात आणि मूळ पाठ निश्चित करणे कठीण होते. म्हणून काम चालू असेतोवर शैली-फाइलीची मूळ प्रत एकच असावी, हा पहिला नियम.

४. एकमेव प्रत कोठे ठेवावी?

‘टेक लाइव्ह’ या संचात फाइल शोधण्याचा क्रम ठरलेला असतो. नेहमीच्या रचनेत प्रणाली प्रथम चालू फोल्डरात पाहते. तेथे न आढळल्यास वापरकर्त्याच्या वैयक्तिक ‘टेक्समफ’ फोल्डरात, त्यानंतर त्या संगणकावरील सर्वांसाठी असलेल्या स्थानिक फोल्डरात आणि अखेरीस मूळ संचात. या क्रमावरून पुढील पर्याय निघतात.

(अ) *वैयक्तिक टेक्समफ फोल्डर* : एकट्याने काम करणाऱ्यास हा मार्ग सर्वांत सोपा. या फोल्डरात ‘टेक’, त्यात ‘लाटेक’ आणि त्यात आपल्या पॅकेजच्या नावाचा उपफोल्डर करून फाइल ठेवावी. त्या संगणकावरील आपल्या सर्व प्रकल्पांना ती उपलब्ध होते.

(आ) *सर्वांसाठीचा स्थानिक फोल्डर* : एकाच संगणकावर अनेक जण काम करीत असल्यास हा योग्य. येथे नवी फाइल ठेवल्यावर फाइलींची सूची अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी लागते; अन्यथा फाइल असूनही प्रणालीस ती सापडत नाही.

(इ) *आवृत्ती-नियंत्रण* : अनेक व्यक्ती वेगवेगळ्या ठिकाणी काम करीत असतील, तर ‘गिट’सारख्या प्रणालीत शैलीचे स्वतंत्र भांडार करावे आणि प्रत्येक प्रकल्पात ते उपभांडार म्हणून जोडावे. प्रत्येक प्रकल्प शैलीच्या नेमक्या कोणत्या अवस्थेवर उभा आहे, याची नोंद त्यामुळे राहते. भांडारात बदल झाला म्हणून प्रकल्पातील शैली आपोआप बदलत नाही. तो बदल जाणीवपूर्वक स्वीकारावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शोध चालू फोल्डरापासून सुरू होत असल्याने तेथे विसरून राहिलेली जुनी प्रत सामायिक प्रतीस मागे सारते आणि तसे घडल्याची सूचनाही मिळत नाही. दुरुस्ती करूनही परिणाम दिसत नसेल, तर प्रथम हेच तपासावे. ‘केपीएसईविच’ या आज्ञेस फाइलीचे नाव दिले असता प्रणाली नेमकी कोणती प्रत उचलते, तिचा पूर्ण मार्ग दिसतो.

फाइलीच्या नावाचाही विचार करावा. प्रणाली फाइल नावावरून शोधते. ‘मराठी’ किंवा ‘शैली’ अशी सर्वसामान्य नावे दुसऱ्या कोणाच्या फाइलीशी जुळण्याचा संभव असतो. नावापूर्वी संस्थेची किंवा मालिकेची आद्याक्षरे जोडावीत.

५. थरांची रचना

सर्व नियम एकाच फाइलीत कोंबल्यास ती कोणत्याच प्रकल्पास नीट बसत नाही. म्हणून तीन थर करावेत.

*पहिला थर – भाषा व लिपी.* फॉन्ट, देवनागरी लिपी आणि मराठी भाषा यांची निवड येथे असावी. भाषा मराठी असल्याचे सांगितले, तर तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. न सांगितल्यास तेच फॉन्ट हिंदी वळण देऊ शकतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीच्या देवनागरी लिपीविषयी निर्णय काढला, त्यातही या अक्षरांच्या रूपांचा प्रश्न होता.

*दुसरा थर – मालिका.* पृष्ठाचा आकार, शीर्षके, तळटीपा आणि कोशनोंदींची रचना येथे येते.

*तिसरा थर – विशिष्ट ग्रंथ.* केवळ त्याच ग्रंथास लागणाऱ्या मोजक्या आज्ञा. हा थर त्या ग्रंथाच्या फोल्डरातच राहावा.

खालचा थर वरच्या थराचा नियम आपल्यापुरता बदलू शकतो. वरच्या थराने मात्र खालच्या थरातील कशावरही अवलंबून राहू नये. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या नात्यात आपण स्थानिक वेगळेपणास जागा देतो, तशीच ही व्यवस्था आहे. एखादी आज्ञा दोन ग्रंथांना लागू लागली, की ती सामायिक थरात न्यावी; त्यापूर्वी घाई करू नये.

६. बदल आणि त्याची जबाबदारी

सामायिक फाइलीतील एक ओळ बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व ग्रंथ बदलतात. तिची सोय यात आहे आणि तिचा धोकाही यातच आहे. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१. फाइलीच्या प्रारंभी पॅकेजचे नाव, दिनांक आणि आवृत्ती नोंदवावी. ग्रंथात पॅकेज मागवताना किमान दिनांक देता येतो. त्याहून जुनी प्रत सापडल्यास लाटेक इशारा देते. प्रत अधिक नवी असल्यास मात्र इशारा मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

२. प्रत्येक बदलाचे कारण एका ओळीत लिहून ठेवावे.

३. एक कसोटी-पृष्ठ तयार ठेवावे. त्यात ‘दऱ्या’, ‘ऱ्हस्व’, ‘वाङ्मय’, ‘लक्ष्य’, ‘शृंगार’ यांसारखे शब्द, एक तळटीप आणि एक कोशनोंद असावी. शैली बदलल्यावर हे पृष्ठ पुन्हा जुळवून पूर्वीच्या पृष्ठाशी ताडून पाहावे.

७. ग्रंथ गोठवणे

ग्रंथ छापावयास गेला, की नियम उलटतो. समजा, पाच वर्षांनी पुनर्मुद्रण करावयाचे आहे. दरम्यान शैलीत ओळींमधील अंतर किंचित वाढले असेल, तर पृष्ठांक सरकतात. शब्दसूची लाटेककडून आपोआप तयार होत असल्यास ती नवे पृष्ठांक घेईल. परंतु अन्य अभ्यासकांनी आपल्या लेखनात दिलेले पृष्ठांक चुकीचे ठरतील. त्यांना ते दुरुस्त करता येणार नाहीत.

म्हणून अंतिम प्रतीच्या वेळी सर्व सामायिक शैली-फाइली ग्रंथाच्या फोल्डरात उतरवून घ्याव्यात. वापरलेले फॉन्ट, अंतिम पीडीएफ आणि लाटेकची नोंदफाइलही सोबत ठेवावी. ‘लिस्टफाइल्स’ ही आज्ञा दिल्यास कोणत्या फाइली कोणत्या आवृत्तीच्या होत्या, त्याची यादी नोंदफाइलीच्या अखेरीस मिळते. चालू फोल्डरास अग्रक्रम देणारा जो शोधक्रम काम चालू असताना फसवतो, तोच आता गोठवलेल्या ग्रंथाचे रक्षण करतो.

८. समारोप

काम चालू असताना एकच प्रत आणि काम पूर्ण होताच स्वतंत्र प्रत, हे या विवेचनाचे सार होय. पहिल्याने चालू ग्रंथांत एकवाक्यता राहते. दुसऱ्याने प्रसिद्ध ग्रंथाचा पाठ आणि पृष्ठांक स्थिर राहतात. दोन्हींमागे हेतू एकच : वाचकाने ग्रंथावर टाकलेला विश्वास जपणे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘बोलीशब्द’ ही अर्थवाचक आज्ञा आणि ‘तिरपा ठसा’ ही रूपवाचक आज्ञा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. सामायिक फाइलीत दुरुस्ती करूनही ग्रंथात परिणाम दिसत नाही. संभाव्य कारण व तपासणीची रीत सांगा.
३. आपल्या परिसरातील बोलीचा शब्दसंग्रह तीन खंडांत काढावयाचा आहे, असे समजून शैलीच्या तीन थरांत कोणते नियम येतील, त्यांची यादी करा.