पिल्लाची आई

सोबतीचे प्राणी : लेखांक नववा

१८३२ सालच्या जून महिन्यात भटक्या कुत्र्यांची सरकारी कत्तल थांबविण्यासाठी मुंबईच्या पारशी मंडळींनी जो दंगा केला, त्याची हकीकत मागील लेखांकात सांगितली होती. आणि कुत्र्याविषयीच्या आस्थेची खरी परीक्षा ते घरात आणल्यावर होते, असेही शेवटी म्हटले होते. त्यावर पुष्कळ वाचकांनी एकच पृच्छा केली आहे : कुत्रे पाळावयाचे तर जातिवंत पिल्लू पैदासकाराकडून, म्हणजे ज्याला आता सर्रास ब्रीडर म्हणतात त्याच्याकडून, विकत घ्यावे, की एखाद्या निवाऱ्यातले अथवा रस्त्यावरचे निराधार कुत्रे दत्तक आणावे? विचारणाऱ्यांपैकी कित्येकांनी उत्तर आधीच ठरवून ठेवलेले दिसते. जीव विकत घेणे हेच मुळी पाप, असे एका पक्षाचे म्हणणे; रस्त्यावरच्या कुत्र्याचे रक्त काय, स्वभाव काय, याचा भरवसा कोणी द्यावा, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांचे लोक कळकळीने बोलतात याविषयी मला संशय नाही. परंतु ज्या जीवापासून या साऱ्या विचाराला आरंभ व्हावयास पाहिजे, त्या पिल्लाच्या आईचा उल्लेख मला एकाही पत्रात आढळला नाही.

हे मला सुचले ते शहाणपणाने नव्हे, एका मृत्यूमुळे. आठ वर्षांपूर्वी मुलीच्या आग्रहास्तव आम्ही पुण्यातील एका विक्रेत्याकडे लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू ठरविले. गल्ली अरुंद आहे, गाडी लावावयास जागा मिळणार नाही, तुम्ही कशाला तसदी घेता, असे मोठ्या सौजन्याने सांगून त्याने ते आमच्याच चौकात आणून दिले. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदांवर ते निजले होते. वय पन्नास दिवस, असे तो म्हणाला आणि आम्ही ते मानले. चौथ्या दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून पाहिले आणि दुधाचे दातही पुरते आलेले नाहीत, तेव्हा हे जेमतेम पाच आठवड्यांचे असावे, असे सांगितले, आणि सलाईन लावता लावता विचारले, "याची आई पाहिली होती का?" मजजवळ उत्तर नव्हते. सहाव्या रात्री पिल्लू गेले. विक्रेत्याने मला फसविले हे खरे. पण एखादा शेतकरी म्हैस घ्यावयास निघाला म्हणजे चार कोस चालत जातो, तिची वेते विचारतो, कास चाचपतो, दोन वेळचे दूध समक्ष काढून पाहतो आणि मगच विसाराला हात घालतो. आणि मी, बारा-चौदा वर्षे जो जीव माझ्या घरात वावरणार होता, तो चौकात उभ्या उभ्या खोक्यातून स्वीकारला होता.

त्या रोगाचे नाव पार्व्हो. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. त्याचा विषाणू इतका चिवट असतो की आजारी पिल्लाच्या विष्ठेने विटाळलेल्या जमिनीत व फरशीच्या सांध्यांत तो महिनोन्महिने टिकून राहतो. यास्तव ज्या घरात असे पिल्लू दगावले, तेथे लस न टोचलेले दुसरे पिल्लू दुःखाच्या भरात लगेच आणणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने धाडणे होय. आता या रोगाचा आईशी संबंध काय, तो पाहू. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसाच्या दुधातून, ज्याला आपण गाईम्हशींच्या बाबतीत चीक म्हणतो त्यातून, आई आपली स्वतःची रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लांना देते. आईला लस टोचलेली असेल, तिला पोटभर अन्न मिळत असेल, तर ही शिदोरी भरघोस असते. तीच जर उपाशी, जंतांनी पोखरलेली आणि वेतामागून वेत देऊन झिजलेली असेल, तर पिल्लाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. ही शिदोरी सहाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान केव्हातरी संपते, प्रत्येक पिल्लाची निराळ्या दिवशी. आणि ती शिल्लक आहे तोवर बाहेरून टोचलेली लस तिच्यामुळेच निष्प्रभ होते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देऊन पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत ती पुनःपुन्हा का टोचतात, याचे कारण हे आहे. डॉक्टर पैसे काढतात असा जो समज घरोघरी आहे, तो सर्वस्वी निराधार होय.

शरीराइतकेच स्वभावाचेही आहे. अमेरिकेतील मेन संस्थानात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा संशोधकांनी अनेक वर्षे कुत्र्यांची पिल्ले वाढवून निरीक्षणे केली आणि १९६५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. साधारणतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाने जग ओळखण्याचा, माणसांशी व स्वजातीशी नाते जोडण्याचा काळ असतो, हे त्यांच्या परिश्रमांतून स्पष्ट झाले. या काळाचा पूर्वार्ध आईपाशी आणि भावंडांत जावा लागतो. दात किती जोराने लावावा हे पिल्लू तेथे शिकते : भावंडाला जोराने चावले की ते केकाटते आणि खेळ मोडतो, आईला चावले की ती गुरगुरून उठून जाते. पाचव्या आठवड्यात तोडून आणलेल्या पिल्लाचा हा पाठ अर्धवट राहतो, आणि पुढे त्याने मुलाच्या हाताला दात लावला म्हणजे मालक जातीला दोष देतो.

पैदासकाराकडे जावे की न जावे, या प्रश्नाचा निकाल मी त्याच्या दारात उभे राहून लावावा असे म्हणतो. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली श्वानांची पैदास व विक्री यांविषयी नियम केले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी झाल्यावाचून हा धंदा करता येत नाही. कुत्री किमान १८ महिन्यांची झाल्याखेरीज तिची वीण घेऊ नये, १२ महिन्यांत एकाहून अधिक वेत घेऊ नये, सबंध आयुष्यात पाचाहून अधिक वेते घेऊ नयेत, ८ वर्षांनंतर तिची वीण घेऊ नये, आणि ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू नये, असा त्यांत दंडक आहे. विकल्या जाणाऱ्या पिल्लाला मायक्रोचिप बसविण्याचीही तरतूद आहे. कुत्री बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे वर्षाला एकच वेत या अटीचे मोल कळते, कारण लोभी माणसाला तीच अट सर्वाधिक जाचते. या अटी वाचीत गेले तर त्यांतील बहुतेकींचा रोख आईकडे आहे, हेही दिसून येईल.

म्हणून नोंदणीचा दाखला अवश्य मागावा, परंतु दाखल्यावर थांबू नये. केनेल क्लबचे कागदपत्र वंशावळ सांगतात, प्रकृती सांगत नाहीत. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत मागच्या पायांच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष वंशपरंपरेने उतरतो. तो वर्ष ओलांडलेल्या कुत्र्याच्या क्ष-किरण चित्रात दिसतो, तेव्हा आईबापांची अशी चित्रे काढली आहेत काय, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. आणि सर्वांत आधी म्हणावे, आई दाखवा. ती कोठे निजते, तिच्या भांड्यात पाणी आहे काय, मालक जवळ येताच ती शेपूट हलविते की अंग चोरते, हे डोळ्यांनी पाहावे. आई गावी आहे, आई दुसऱ्या जागी ठेवली आहे, असे उत्तर आले तर तेथून निघावे. पिल्लू कितीही लाघवी असो, मुलगी कितीही रडो. आणखी एक प्रश्न मी विचारतो : ज्या कुत्र्यांची वीण बंद झाली, त्या आज कोठे आहेत? सचोटीचा पैदासकार अंगणात पहुडलेली एखादी म्हातारी कुत्री दाखवितो आणि तिचे कौतुक सांगतो. बाकीच्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्या निवाऱ्यांत भेटतात. ओघळलेल्या सडांवरून आणि पिंजऱ्याच्या जाळीवर झिजलेल्या नखांवरून त्या ओळखू येतात. तसेच, जो तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो, घरात दिवसा कोण असते, जिने किती, यापूर्वीचे कुत्रे कशाने गेले, तो माणूस विश्वासाला पात्र आहे असे खुशाल समजावे.

जातीच्या निवडीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर एक स्वतंत्र लेखांक योजिला आहे. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसू लागला आणि शहरोशहरी पगांची मागणी वाढली. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम सुटत नाही, धापा टाकूनच ते शरीर थंड करते. आणि ज्याचे नाक माणसानेच पिढ्यान्पिढ्या चेपीत आणले, नाकपुड्या अरुंद केल्या, त्या पगाला चैत्र-वैशाखात धाप टाकणे हेच कष्टाचे होते. सायबेरियाच्या हिमात गाड्या ओढण्यासाठी वाढविलेला दुहेरी केसांचा हस्की विदर्भाच्या उन्हाळ्यात आणणे, ही आवड नव्हे. याउलट आपल्याजवळच मुधोळचे शिकारी कुत्रे आहेत. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली होती आणि २००५ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. सोलापूर, मराठवाडा आणि लगतच्या कर्नाटकात खेड्यांतील लोकांनी हे वाण, ज्याला ते कारवान म्हणतात, आपल्या घासातला घास घालून जतन केले. पैदासकार म्हणजे खलपुरुष, असे मी म्हणत नाही ते यांच्यामुळे. मात्र हे कुत्रे माळरानावर धावण्यासाठी घडलेले आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्याला बांधून ठेवणे ही त्याच्या रक्ताशी प्रतारणा होईल.

आता निवाऱ्यातल्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे वळू. आपले गावठी कुत्रे कोणी निवडून घडविलेले नाही. ऊन, पाऊस, रोग आणि उपासमार यांच्या चाळणीतून जे उरले ते उरले, म्हणून त्याचे केस आखूड, नाक लांब आणि प्रकृती काटक. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना हे आपल्याकडे कोणास सांगावे लागत नाही. गर्भकाल सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात, थंडी पडू लागते तेव्हा, जिन्यांखाली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड पिल्लांचे कुईंकुईं ऐकू येऊ लागते. याच वेळी दयाळू माणसांच्या हातून एक मोठी चूक घडते. आई अन्न शोधावयास गेलेली असते, पिल्ले एकटी दिसतात, आणि कोणीतरी त्यांतले एक उचलून घरी नेतो. माझ्या विक्रेत्याने पैशासाठी जे केले, तेच येथे करुणेपोटी घडते, आणि पिल्लाच्या दृष्टीने दोहोंत काही अंतर नाही. पिल्लाला धोका नसेल तर ते आठ आठवडे आईपाशीच राहू द्यावे, आणि आपली भाकरी, आपला दूधभात आईपुढे ठेवावा. पिल्ले दूध सोडीत नाहीत तोवर आई निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेस योग्य नसते. त्यांनी दूध सोडले म्हणजे महापालिकेस अथवा प्राणिमित्र संस्थेस कळवून ती करून घ्यावी. असे कुत्रे शस्त्रक्रियेनंतर रेबीजची लस टोचून, कानाला खूण करून पुन्हा त्याच जागी सोडावे, हा २००१ पासून नियम आहे आणि २०२३ च्या नव्या नियमांतही तो कायम आहे. हे न करता एक पिल्लू घरी नेणे म्हणजे पुढच्या भाद्रपदाची तजवीज तशीच मागे ठेवणे होय.

निवाऱ्यात गेलात तर माझी विनंती अशी, की दोन-तीन वर्षांच्या कुत्र्यांकडेही पाहावे. सर्वांची नजर पिल्लांवर जाते. पण पिल्लू मोठेपणी कसे निघेल हा अंदाजच असतो, आणि मोठे कुत्रे जसे आहे तसे समोर उभे असते. त्याला मुले चालतात काय, ते एकटे राहते काय, हे तेथील माणसे सांगू शकतात. दोनचार दिवस जाऊन त्याला फिरवून आणावे. संस्थेने घर पाहावयास येतो म्हटले, निर्बीजीकरणाची लेखी कबुली मागितली, तर राग मानू नये. कुत्र्याची आई येथे दिसणार नाही हे खरे. तिच्या जागी ती माणसे उभी आहेत असे समजावे.

कोठूनही आणा, पुढचा करार एकच. तीन महिन्यांचे झाले की अलर्काची, म्हणजे रेबीजची लस, आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने दर वर्षी, महापालिकेचा परवाना, दोन वेळचे फिरणे, आणि त्याची विष्ठा स्वतः उचलणे. १९६० च्या कायद्याने कुत्र्याला अवाजवी काळ आखूड साखळीने बांधणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे, हे दोन्ही गुन्हे ठरविले. परंतु पहिल्या वेळच्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिला. हा आकडा वाचताना मला दर वेळी दुःख होते. बदली झाली, घरात पाळणा हलला, घरमालकाने हरकत घेतली, की गळ्यातला पट्टा काढून कुत्रे महामार्गावर उतरविले जाते, आणि ते मोटारीमागे धावत राहते. त्या धावण्याची किंमत पन्नास रुपये नाही.

आमचे ते लॅब्रॅडॉरचे पिल्लू गेल्यानंतर पुढल्या वर्षीच्या मार्गशीर्षात आमच्याच इमारतीच्या मागच्या जिन्याखाली काळी नावाची कुत्री व्याली. मुलगी नऊ आठवडे रोज तिला भाकरी घालीत होती. मग पाचांपैकी एक पिल्लू वर आले, तिचे नाव मैना. दोन शेजाऱ्यांकडे गेली, दोन एका ओळखीच्या शेतावर. काळीला शस्त्रक्रियेसाठी नेले त्या दिवशी ती गाडीत चढेना, आणि पाचव्या दिवशी कानाला खाच घेऊन परत आली तेव्हा फाटकापाशी दोन तास निजून राहिली. दर मार्गशीर्षात दोघींना रेबीजची लस एकाच दिवशी टोचतात. काळी जिना चढत नाही म्हणून डॉक्टर खाली उतरतात, आणि तिचे तोंड धरण्याचे काम अजून मुलीकडेच आहे.

(क्रमशः)