लकवा, फालिज, नजला, जुलाब : घरातील जुन्या शब्दांची ओळख

आपल्या घरांत मराठीही बोलली जाते आणि उर्दूही. पण आजारपणाचा विषय निघाला की अरबी-फारसीतून आलेले शब्द जास्त ऐकू येतात. नजला, बलगम, सफरा, मिजाज, जुलाब, लकवा. घरातील बुजुर्ग मंडळी ते सहज वापरतात, मुलांना ते अर्धेमुर्धे कळतात आणि दवाखान्यातील तरुण डॉक्टरांना काही वेळा मुळीच कळत नाहीत. आम्ही शाळेत या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे मुले अर्थ विचारत राहतात. त्यातील काही शब्दांची ओळख येथे करून देत आहोत. शेवटच्या शब्दाशी जिवाचा संबंध आहे, म्हणून लेख पूर्ण वाचावा ही विनंती.

यूनान ते बगदाद

यूनानी म्हणजे यूनानची, अर्थात ग्रीकांची वैद्यकी. यूनान हे नाव आयोनिया या ग्रीक प्रदेशावरून आले आणि संस्कृतातील 'यवन' हा शब्दही तिथूनच आला. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस आपल्याकडे बुकरात झाला आणि गॅलन जालिनूस झाला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (मृत्यू 873) या ख्रिस्ती विद्वानाने आणि त्याच्या साथीदारांनी जालिनूसचे ग्रंथ अरबीत आणले.

या विद्येत काही ग्रीक शब्द जवळपास तसेच राहिले. बलगम हा मूळचा ग्रीक 'फ्लेग्मा'. काही शब्दांचा अर्थ अरबीत आणला गेला. ग्रीकांचे पिवळे पित्त 'सफरा' झाले, कारण अरबीत 'असफर' म्हणजे पिवळा. काळे पित्त 'सौदा' झाले, कारण 'अस्वद' म्हणजे काळा. बाजारातला सौदा वेगळा, हा वेगळा! हा सौदा वाढला की माणूस उदास होतो, भ्रमिष्ट होतो असे मानत, म्हणून उर्दूत वेड्याला 'सौदाई' म्हणतात. दम म्हणजे रक्त, बलगम, सफरा आणि सौदा या चारांचे शरीरातील मिश्रण म्हणजे मिजाज. 'मिजाज'चा मूळ अर्थच मिश्रण असा आहे. आज आपण एखाद्याचा मिजाज गरम आहे म्हणतो, तेव्हा नकळत जालिनूसचीच भाषा बोलत असतो.

आजचे विज्ञान रोगाचे कारण या चार द्रवांत शोधत नाही. हे शब्द मात्र आपल्या बोलण्यात टिकून आहेत.

वरून उतरणारे पाणी

'शान-ए-नुजूल' हा शब्द आपल्याला परिचित आहे. नुजूल म्हणजे उतरणे. नजला हा शब्द त्याच धातूचा. डोक्यातून पाणी खाली उतरते आणि सर्दी होते, अशी जुनी समजूत होती. मोतीबिंदूलाही अरबीत 'नुजूल-उल-मा', म्हणजे पाणी उतरणे, असे नाव होते. डोळ्यात वरून पाणी उतरून गोठते, असे तेव्हा वाटे. युरोपात त्यालाच लॅटिन 'कॅटॅरॅक्टा' म्हणू लागले. या शब्दाचा अर्थ धबधबा! आज डॉक्टर 'कॅटरॅक्ट' म्हणतात, त्यात तेच उतरणारे पाणी आहे. खरे तर पाणी कोठून उतरत नाही, डोळ्यातील भिंग गढूळ होते.

गुलाबाचा जुलाब

फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे आधी फूल नव्हे, तर गुलाबपाणी. अरबीत 'ग' नसल्याने त्याचे 'जुलाब' झाले आणि त्याचा अर्थ गोड पाक असा झाला. पोट साफ करण्याचे कडू औषध या पाकासोबत देत, म्हणून पुढे औषधालाच जुलाब म्हणू लागले. मराठीत तर त्या औषधाचा परिणामही जुलाबच. म्हणून डॉक्टरांना सांगताना 'जुलाब घेतला' आणि 'जुलाब होत आहेत' यांतील फरक नीट सांगावा.

झाडपाल्याची नावेही अशीच बोलकी आहेत. इसबगोल म्हणजे फारसीत घोड्याचा कान, कारण बी तशा आकाराचे असते. गावजबान म्हणजे गाईबैलाची जीभ, कारण पान तसे खरखरीत. वर्गात मुले विचारतात, शहामृग पक्षी असून त्याच्या नावात मृग कसा? तो संस्कृतातील मृग नव्हे, फारसीतील 'मुर्ग' म्हणजे पक्षी आहे. फारसीत या पक्ष्याला शुतुरमुर्ग म्हणतात, म्हणजे उंटपक्षी.

नाव वेगळे, रोग वेगळा

जुन्या हकिमांचा एक गुण मात्र आजही घेण्यासारखा आहे. ते रोगांची नावे काटेकोर ठेवत. अबू बक्र अल-राझी (मृत्यू 925) यांनी देवी आणि गोवर यांच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जुदरी म्हणजे देवी, हसबा म्हणजे गोवर. अंगावर पुरळ दोन्हींत उठते, पण रोग दोन आहेत हे त्यांनी लक्षणांसह दाखवले.

तसेच लकवा आणि फालिज. तिब्बच्या ग्रंथांत लकवा म्हणजे चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे. फालिज म्हणजे अर्धे शरीर लुळे पडणे. अरबी 'फलज' म्हणजे दोन भाग करणे. आपण मात्र दोघांनाही लकवा म्हणू लागलो. मराठीत अर्धांगवायू हा शब्द आहे, त्यातील वायूमुळे 'वारे लागले' अशी समजूत झाली. मग काही घरांत मालिश, धुरी, झाडफूक यांत पहिला दिवस निघून जातो.

हा वेळ फार महागात पडतो. फालिज बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्याने किंवा फुटल्याने होतो. गाठ अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही मेंदूचे स्कॅन झाल्यावरच, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. नुसता चेहऱ्याचा लकवा असला तरी पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू होणे चांगले. कोणता रोग आहे हे घरी ठरवत बसू नये.

तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर 108 ला फोन करावा आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे. डॉक्टरांना 'लकवा मारला' एवढेच न सांगता काय दिसले, कोणत्या बाजूला आणि केव्हा, हे सांगावे.

घरातील बुजुर्गांचे शब्द मुलांनी जरूर शिकावेत. दवाखान्यात जाताना त्या शब्दांचा अर्थ सांगणारे कोणी सोबत असावे, एवढीच आमची विनंती आहे.